बाळाच्या दुधाच्या बाटल्या, वाट्या-चमचे रोज उकळून घ्यायलाच हवेत का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अडीच महिन्यांची आहे, अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून दिवसातून तीन-चार वेळा पावडरचं दूध बाटलीने देता. सासूबाई म्हणतात बाटली दरवेळी उकळ. न्यू जर्सीतली नणंद म्हणते तिकडे कुणी उकळत बसत नाही, साबणाने धुतली की झालं. आणि दुकानदार स्टरिलायझर (बाटल्या वाफेने निर्जंतुक करायचं मशीन) घ्या म्हणून मागे लागलाय.

आधी उत्तर देते. उकळा. पण त्यासाठी दर दोन तासांनी गॅसपाशी उभं राहायची गरज नाही, दिवसातून एकदाच उकळून भागवता येतं, ते कसं ते खाली सांगते. आणि उकळण्याआधीचं धुणं नीट झालं नसेल तर नुसत्या उकळण्यावर विसंबू नका. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. घरी जाणाऱ्या प्रत्येक आईशी आणि तिच्यासोबतच्या आजीशी या विषयावर बोलणं होतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची नणंद चुकीचं सांगत नाही. सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला असा आहे की भांडी दर वापरानंतर नीट धुवा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी असेल तर दिवसातून निदान एकदा ती निर्जंतुकही करा. त्याहून मोठ्या, धडधाकट बाळासाठी काटेकोर धुणं पुरू शकतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस मात्र बाळ वर्षाचं होईपर्यंत निर्जंतुक करायला सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर पावडरच्या दुधाची भांडी वापरण्याआधी धुवून निर्जंतुक करायलाच सांगितलंय. शिवाय नणंदेकडे डिशवॉशर असेल, आणि त्यात गरम पाण्याने धुण्याचा व गरम हवेने सुकवण्याचा टप्पा असेल, तर तिच्या बाटल्या त्यातच निर्जंतुक होतात. सीडीसी ते वेगळ्या उकळण्याच्या जागी धरते. म्हणजे ती म्हणते तसं ‘नुसतं धुणं’ ते बहुधा नसतंच.

आपल्याकडे काय होतं? नळाला दिवसातून तास-दोन तास पाणी येतं, ते खालच्या टाकीत पडतं, तिथून गच्चीवरच्या टाकीत चढतं. ती टाकी शेवटची कधी धुतली हे सोसायटीत विचारून बघा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि बोट पाण्याकडे गेलं. धुवायचं पाणीच शंभर टक्के भरवशाचं नसेल तर धुतलेल्या बाटलीवर शेवटचा हात याच पाण्याचा फिरतो. म्हणून आपल्या घरांसाठी माझं मत सासूबाईंच्या बाजूला झुकतं.

आता धुण्याचं. ‘स्वच्छ धुतलीय’ म्हणून माझ्या हातात दिलेली बाटली मी आधी उघडते आणि निपल धरून ठेवणाऱ्या रिंगचा वास घेते. तुम्हीही आज करून बघा. बाटली बाहेरून लख्ख दिसते, पण रिंगच्या आट्यांमध्ये आणि निपल जिथे रिंगमध्ये बसतं त्या खाचेत नखाने खरवडलं तर पांढरट, चिकट साय निघते आणि आंबूस वास येतो. दुधातली स्निग्धता आणि प्रथिनं तिथे थर धरतात, जंतू त्या थरात घर करतात. न धुता थेट उकळलं तर प्रथिनं शिजून आणखी घट्ट बसतात. म्हणून दूध पिऊन झाल्याबरोबर सगळे भाग सुटे करायचे. झडप असलेली बाटली असेल तर झडपही. आधी साध्या पाण्याने खळखळून घ्यायचे, मग गरम पाणी, साबण आणि फक्त बाळाच्या भांड्यांसाठी ठेवलेला ब्रश. निपल उलटं करून आतून घासायचं आणि भोकातून पाणी दाबून काढायचं. हे सगळं वेगळ्या पातेल्यात किंवा टबात करा, सिंकमध्ये नको. ज्या सिंकमध्ये कच्चं चिकन, मातीची भाजी आणि खरकटी ताटं धुतली जातात त्याच्या तळाला लागलेलं निपल थोड्या वेळाने बाळाच्या तोंडात जाणार असतं. काही घरांत बाटलीत तांदळाचे दाणे घालून हलवतात. त्याने प्लॅस्टिकला आतून चरे पडतात आणि आटे तसेच राहतात. बाटल्या साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये २०१६ साली अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर या जंतूमुळे मेंदूज्वर झाला. त्या घरी दूध काढायच्या पंपाचे भाग काही तास साबणाच्या पाण्यात पडून असायचे आणि मग नुसते विसळले जायचे. तोच जंतू पंपावर सापडला. तेव्हा पंपाने दूध काढत असाल तर त्याचे दुधाला लागणारे भागही या सगळ्यात धरा.

उकळण्यासाठी मोठं पातेलं घ्या, ते फक्त याच कामाला ठेवा. सगळं पाण्याखाली बुडायला हवं. बाटली तरंगते कारण आत हवा अडकते. ती तिरकी करून पाणी भरून घ्या, वर एक छोटी ताटली ठेवा. प्लॅस्टिक तळाला टेकून वितळू नये म्हणून खाली स्टीलची जाळी ठेवा. पाण्याला खळखळून उकळी फुटली की तिथून दहा मिनिटं मोजा. बाहेर काढायचा चिमटाही त्यातच उकळा, नाहीतर ओट्यावर पडलेली सांडशी आत बुडते आणि केलेलं सगळं वाया जातं. साबणाने हात धुवून भाग उचला, पाणी झटका आणि स्वच्छ जाळीवर उघड्या हवेत वाळू द्या, मग झाकणाच्या डब्यात ठेवा. पुसू नका. हे मी मुद्दाम सांगते, कारण सगळं नीट करून शेवटी ओट्यावरच्या फडक्याने किंवा पदराने निपल पुसलेलं मी अनेकदा पाहिलंय. पुन्हा नळाखालीही धरू नका. बोअरचं पाणी असेल तर उकळून पांढरा थर येतो. तो क्षारांचा असतो, त्याची काळजी नको.

सोय अशी करा की दिवसाला जेवढ्या वेळा वरचं दूध देता, तेवढे संच ठेवा. चार वेळा देत असाल तर चार संच. दिवसभर वापरून झालेले तेव्हाच धुवायचे आणि रात्री एकदम उकळायचे. मग दरवेळी उकळलेलंच भांडं हातात येतं, सासूबाईंचं समाधान होतं आणि तुमचा गॅसपाशी जाणारा वेळ वाचतो.

मी ‘संच’ म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे वाटी-चमचा असतो, बाटली नाही. बालरोगतज्ज्ञ बाटलीला नको म्हणतात त्यामागे अंगावरचं पिणं कमी होण्याची भीती आहेच, पण साफ करता न येणं हेही तितकंच मोठं कारण आहे. व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीच्या दुधाच्या बाटल्या निघाल्या होत्या. बाळाजवळ ठेवली की ते आपलं आपण चोखायचं, आईला दुसरी कामं करता यायची. नळी आतून साफ करायला मार्गच नव्हता, आणि त्या बाटल्यांना पुढे ‘खुनी बाटल्या’ हेच नाव पडलं. आजच्या बाटल्या तशा नाहीत, तरी भोक, आटे आणि झडपा आहेतच. स्टीलच्या वाटीला लपायला कोपरा नाही. तुमच्या सासूबाईंच्या माहेरी बोंडलं असेल, तेही उघड्या चोचीचं असल्यामुळे चांगलं धुतलं जातं. फक्त चांदीचं आहे म्हणून उकळायला नको, ही समजूत सोडून द्या. अडीच महिन्यांचं बाळ उभं धरून वाटी ओठाला टेकवली की जिभेने लपालपा पितं. पहिले काही दिवस थोडं सांडेल. घाईने घशात ओतू नका, त्याच्या गतीने पिऊ द्या. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने दुधाची पावडर आणि बाटल्या यांच्या जाहिरातींना बंदी आहे, ती याच काळजीपोटी. तुम्ही पावडर देताय म्हणून मनाला लावून घ्यावं असा याचा अर्थ मुळीच नाही. अंगावर पाजणं मात्र चालू ठेवा. त्याला काही उकळावं लागत नाही, आणि दरवेळी स्तन साबणाने धुवायचीही गरज नाही.

तुमचा आणखी एक प्रश्न होता: चार महिन्यांनी ती हात, खेळणी, चादर सगळंच तोंडात घालणार, मग बाटलीचं एवढं कशाला? प्रश्न रास्त आहे. फरक दुधाचा आहे. खेळण्यावर जंतू असतात ते थोडे, आणि कोरड्या पृष्ठभागावर ते सहसा वाढत नाहीत. दुधाच्या थरात त्यांना खाद्य मिळतं, ओल मिळते आणि आपल्याकडची ऊब मिळते. काही तासांत त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. बाळाच्या पोटात किती जंतू जातात यावर ते आजारी पडणार की नाही हे बरंचसं ठरतं. त्यामुळे खेळणी उकळत बसू नका, दुधाचं भांडं सोडू नका. वर्षाची होईपर्यंत हे चालू ठेवावं असं मला वाटतं. सहा महिन्यांनंतर एखाद्या दिवशी राहिलं तर घाबरू नका, धुणं मात्र एकदाही चुकवू नका.

भांड्यांइतकंच महत्त्वाचं, आणि ज्याकडे घरोघरी दुर्लक्ष होतं, ते म्हणजे पावडर. डबा सीलबंद असला तरी आतली पावडर निर्जंतुक नसते. मघाशी सांगितलेला क्रोनोबॅक्टर कोरड्या पावडरमध्ये महिनोन्‌महिने तग धरतो. अनेक डब्यांवर पाणी उकळून कोमट करून घ्या असं लिहिलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पावडर घालताना पाणी निदान ७० अंश सेल्सिअस असावं, म्हणजे पावडरमधले जंतूही मरतील. पाणी उकळून झाकून ठेवलं की साधारण अर्ध्या तासाच्या आतच ते तेवढं गरम असतं. स्टीलच्या भांड्यात कालवा, भांडं थंड पाण्यात धरून निववा, मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. चाखून बघू नका. प्लॅस्टिकच्या बाटलीत इतकं गरम पाणी नको: डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की पॉलीप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या बाटल्यांमधून गरम पाण्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण सुटतात. कालवलेलं दूध दोन तासांत संपवा, आणि बाळाने प्यायला सुरुवात केली की तासाभराने उरलेलं टाकून द्या. पावडर महाग आहे, टाकताना जीव तुटतो हे मला माहीत आहे. म्हणून आधी थोडंच कालवा, लागलं तर पुन्हा करा. आरओचं पाणीही उकळूनच घ्या.

दुकानदाराच्या स्टरिलायझरबद्दल: ते वाफेने करतं तेच तुमचं पातेलं करतं. नोकरीवर परत जाताना वेळ वाचावा म्हणून घेतलंत तर चांगलंच आहे, पण त्याशिवाय अडत नाही. घरातलं मोदकपात्रही चालतं. भांडी सुटी, तोंड खाली करून ठेवायची आणि वाफ धरल्यापासून दहा मिनिटं. अतिनील प्रकाशाच्या पेट्यांच्या भरवशावर मी राहणार नाही, कारण प्रकाश पोहोचत नाही त्या आट्यांत आणि खाचांत जंतू राहू शकतात. आणि जखमा-फरशीसाठीची डेटॉलसारखी औषधं बाळाच्या भांड्यांना अजिबात लावू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या घरात बाटली दहा मिनिटं उकळली जाते, त्याच घरात बाळगुटी उगाळायची सहाण नळाखाली विसळून घेतात, आधीच्या नातवाच्या वेळची हळकुंडं-मुळ्या डब्यातून काढतात, बोटाने मध कालवतात आणि तेच बोट बाळाच्या तोंडात जातं. दगड सच्छिद्र असतो, मुळ्यांवर बुरशी धरलेली असते. मधात बोटुलिझम या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू (त्यांची सुप्त रूपं) असू शकतात, ते घरच्या उकळण्याने मरत नाहीत, म्हणून वर्षाच्या आत मध चाटवायचाच नाही. पहिले सहा महिने दुधाखेरीज काही नको, गुटीही नको आणि पाणीही नको. सासूबाईंशी याबद्दल भांडू नका. त्या बाटली उकळायला सांगतायत ती काळजीच आहे. लसीकरणाला जाताना त्यांना सोबत न्या आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोर विचारा.

आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, ते दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं किंवा लंगोट सहा-आठ तास कोरडी राहिली, तर काय चुकलं ते शोधत बसू नका, रात्र असली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा.