बधिर झालेला पाय परत जागा होतो का?

"मॅडम, पाय कायमचा लुळा पडला तर?" पायाच्या ऑपरेशनआधी हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. करवीर तालुक्यातल्या एका मावशींचाही तोच प्रश्न होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गोठ्यात घसरून घोटा मोडला होता, प्लेट बसवायची होती. नंतरच्या दुखण्यासाठी भूलतज्ज्ञांनी नसेचा ब्लॉक (म्हणजे इंजेक्शनने पायाची नस काही तास बधिर करणं) सुचवला, तेव्हा मावशींनी संमतीचा कागदच बाजूला सारला. "त्यापेक्षा दुखू दे. म्हशीची धार मलाच काढायची असते. पाय गेला तर घर कोण चालवणार?"

ही भीती उगाचची नाही. पायावर ज्यांचा संसार उभा आहे, त्यांनी असं विचारायलाच हवं.

इंजेक्शन पाठीत देणार, असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्याच पायावर जागा दाखवली: गुडघ्यामागची खळगी. तिथून सायटिक नस खाली पावलाकडे जाते. घोट्याच्या आतल्या बाजूची जाणीव सॅफेनस नसेकडे असते, म्हणून मांडीच्या आतल्या बाजूला आणखी एकदा टोचतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर नस मधाच्या पोळ्यासारखी दिसते, शेजारची रक्तवाहिनी आणि सुईही दिसते. औषध नसेच्या आत घालत नाहीत, तिच्याभोवती सोडतात.

धोका शून्य आहे, असं मी कुणालाच सांगत नाही. नसेला दीर्घकाळ इजा दहा हजारांत साधारण दोन ते चार जणांना होते. मधुमेहाने तळव्यांची आग होत असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर ते भूलतज्ज्ञांना आधीच सांगायचं.

मावशींनी सही केली. पण माझ्या मते खरी तयारी पुढेच असते. ब्लॉक बहुधा 12 ते 24 तास टिकतो आणि पुष्कळदा रात्री-पहाटे उतरतो. तोवर शांत असलेला पाय मग एकदम ठणकू लागतो. सूनबाई म्हणाल्या, "आत्याबाईंना दुखतच नाही, तर गोळी कशाला?" मी त्यांना शेजारी बसवून सांगितलं, की डॉक्टरांनी लिहिलेली गोळी ठरल्या वेळीच द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. कळ एकदा चढली की आटोक्यात यायला वेळ लागतो. सूनबाईंनी तिथेच मोबाइलवर गजर लावला.

पहाटे आधी मुंग्या आल्या, मग ठणका लागला, पण सोसवेल इतकाच. सकाळी मावशी बोटं हलवून दाखवत होत्या.

पाय बधिर असेपर्यंत आधाराशिवाय उठू नका, शेकू नका. भाजलं तरी कळत नाही. टाच एकाच जागी दाबून राहू देऊ नका. ब्लॉक असूनही कळ वाढतच गेली, बोटं गार किंवा निळी पडली, किंवा दोन दिवसांनंतरही बधिरपणा उतरला नाही, तर रात्र असो की दिवस, दवाखान्यात फोन करा.