सोन्याच्या नाण्यावर टाकसाळीची चूक असेल तर जास्त पैसे मिळतात का?

तुमचा प्रश्न असा: धनत्रयोदशीला नाशिकच्या सराफ बाजारातून १० ग्रॅमचं लक्ष्मीचं नाणं घेतलं, त्यावर लक्ष्मीचा चेहरा दुहेरी उमटलाय. असं नाणं चढ्या भावाने जातं का, आणि अशी चुकलेली सोन्याची नाणी जमवायला सुरुवात करावी का?

पहिल्याचं उत्तर सरळ नाही असं आहे. लक्ष्मीचं नाणं हे कुठल्या सरकारचं चलन नव्हे. खाजगी कारखान्यात प्रेसवर दाबलेली ती सोन्याची चकती. डाय, म्हणजे चित्र उमटवणारा ठसा, कोणी कोरली, नग किती पाडले, याची नोंद कुणापाशी नसते, म्हणून तिच्यातल्या चुकीला गिऱ्हाईकही नसतं. त्यात तुम्ही वर्णन करताय तो प्रकार बहुतेक मशीन डबलिंगचा असावा. ठोका बसताना डाय किंचित सरकली की नाका-डोळ्याच्या बाजूला एक चपटी, बारीक सावली उमटते. सरकारी नाण्यावर असली तरी त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. नाणं ज्या सीलबंद कार्डात आलं ते मात्र फोडू नका. सील तुटलं की विकताना पुन्हा टंच काढणं आलं, आणि घट धरायला सराफाला निमित्त मिळालं.

दुसऱ्याचं उत्तर होय, पण घाई असेल तर हा नाद तुमचा नाही. सोन्यात चुका मुळात कमी सुटतात. एक-दोन रुपयांची नाणी मिनिटाला शेकड्यांनी पडतात, त्यातली चार वाकडी पोत्यात गेली तरी टाकसाळीचं काही जात नाही. सोन्याची चकती काट्यावर तोलून मगच प्रेसवर जाते, आणि ठोक्यानंतर पुन्हा नजरेखालून जाते. चुकलेली दिसली की मुशीत.

तरी सुटतात. अमेरिकेच्या गोल्ड ईगलचं उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांच्या साध्या बुलियन ईगलवर, म्हणजे सोन्याच्या भावाने विकायच्या नाण्यावर, टाकसाळीची खूण नसते. संग्राहकांसाठी खास झिलई देऊन काढलेल्या प्रूफ नाण्यांवर वेस्ट पॉइंट टाकसाळीचं ‘डब्ल्यू’ असतं. १९९९ मध्ये प्रूफसाठी केलेल्या, पण शेवटची झिलई न झालेल्या डाय साध्या नाण्यांच्या प्रेसवर चढल्या. एक दशांश आणि पाव औंसाची काही साधी नाणी ‘डब्ल्यू’ घेऊनच बाजारात आली. हे ठाऊक असणाऱ्याला ती सोन्याच्या भावातल्या ढिगातून उचलता येत होती.

म्हणून मी एकच गोष्ट बघतो: ही चूक टाकसाळीत नेमकी कोणत्या कामाच्या वेळी झाली, हे मला सांगता येतं का? नाही आलं, तर ते नाणं माझ्या लेखी मोड.

उदाहरणार्थ कडेला चंद्रकोरीएवढा घास गेलेलं नाणं घ्या. लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर चढली तर पुरी जशी निघेल, तशी ती चकती निघालेली असते. याला क्लिप म्हणतात. पण सोन्याचं नाणं कानशीने घासून भुकटी चोरण्याचा धंदाही जुनाच, कडेला दाते पाडायला सुरुवात झाली ती त्यामुळेच. मग चूक कोणती नि चोरी कोणती? घास गेलाय त्याच्या बरोबर समोरची कड बघा. ठोक्याआधी चकतीची कड यंत्रात दाबून उचलतात, आणि एका बाजूला धातूच नसला तर समोरच्या बाजूला दाब मिळत नाही. खऱ्या क्लिपमध्ये समोरची कड बसकी, पुसट दिसते. समोरची कड ठणठणीत असेल तर घास टाकसाळीबाहेर गेल्याचा संशय धरा.

दुसरा प्रकार मला स्वतःला सगळ्यात आवडतो. डाय आणि चकती यांच्यामध्ये धागा, तारेचा तुकडा किंवा चिंधी अडकते आणि ठोक्याबरोबर तिचा ठसा सोन्यात बसतो. इंग्रजीतल्या नावावरून आपल्याकडेही स्ट्राइक थ्रू म्हणतात. सराफ बाजारात मोडीला आलेला एक पौंड, म्हणजे ब्रिटिश सोन्याचं सॉव्हरिन नाणं, मी असाच उचलला. त्यावरच्या घोडेस्वार सेंट जॉर्जच्या घोड्याच्या पोटाखालून एक वळणदार खाच गेलीय. दहापट भिंगाखाली खाचेच्या दोन्ही काठांना सोनं उठलेलं नाही, आणि तळाशी बाकीच्या नाण्यासारखीच चमक आहे. सुईने किंवा चिमट्याने ओरखडा काढला असता तर बाजूला सोनं सरकून वर आलं असतं आणि बोटाला लागलं असतं. सराफाने तो ‘खराब आहे’ म्हणत वजनाला दिला. मी तोंड मिटून पैसे दिले.

आता चूक नसलेल्या ‘चुका’. अमेरिकन ईगल डावी-उजवीकडे उलटलं की मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. अमेरिकन नाणी वर-खाली उलटून बघायची असतात. आपली आणि आजची ब्रिटिश तशी नसतात. १९८६ ते १९९१ च्या ईगलवर साल रोमन आकड्यांत आहे, तेही मुद्दामच. १९१८ च्या काही पौंडांवर सालाच्या आकड्यांच्या वर, जमिनीच्या रेषेवर बारीक ‘आय’ दिसतो. तो ओरखडा नाही, मुंबई टाकसाळीची खूण आहे. त्या एका वर्षी ब्रिटिश सॉव्हरिन मुंबईत पाडले गेले. २४ कॅरेटच्या नाण्यांवर कधी तांबूस ठिपके येतात, त्यांनाही भाव नाही. आणि आपल्याकडच्या पौंडांचा ठरलेला रोग म्हणजे कडी. पोहेहारात नाहीतर माळेत ओवायला डाग लावलेला असतो, पुढे कोणीतरी कडी काढून घासून टाकतं, आणि कडेवरचा तो गुळगुळीत पट्टा ‘दाते न पडलेलं एरर’ म्हणून विकायला येतो.

याहून मोठी भीती खोट्याची. ओतीव नकलेत अक्षरं मऊ असतात, मध्येच गाठी असतात, आणि विकणारा त्यालाच एरर म्हणतो. म्हणून आधी सोनं, मग चूक. पौंडाचं वजन ७.९९ ग्रॅम, व्यास २२ मिलिमीटर. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेला पौंड तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. काटा ०.४५ ग्रॅमच्या आसपास थांबला पाहिजे. २२ कॅरेटला ही परीक्षा बहुतेक वेळा पुरते. २४ कॅरेटच्या नाण्याला नाही, कारण टंगस्टनची घनता सोन्याच्या इतकी जवळ आहे की पाण्याला फरक कळत नाही. तिथे सराफाकडचं कॅरेट मोजायचं मशीनही वरवरचाच थर वाचतं, हे लक्षात ठेवा.

शिकायचं कुठे? बरेच जण नाशिकरोडच्या प्रेसचं नाव घेतात. तिथे नोटा छापतात, नाणी पाडत नाहीत. आपल्या टाकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. नाण्यांसाठी त्र्यंबकच्या रस्त्याने अंजनेरीला जा. परमेश्वरीलाल गुप्तांनी उभी केलेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय तिथे आहे. नाणं घडतं कसं हे समजलं की चूक आपोआप दिसायला लागते. हात मात्र स्टीलच्या नाण्यांवर बसवा. प्रदर्शनांत ऑफ सेंटर (चित्र एका बाजूला सरकलेलं), क्लिप, लाखी असे प्रकार समोर मांडलेले असतात. एका बाजूचंच चित्र दुसरीकडे उलटं, खोलगट उमटलेलं असलं की विक्रेते त्याला लाखी म्हणतात. असली दोनपाच नाणी घेऊन रात्री भिंगाखाली बघत बसलं तरी सोन्यातला निम्मा धोका टळतो.

भावाचं म्हणाल तर पहिली काही नाणी सोन्याच्या किमतीच्या जवळपास मिळाली तरच घ्या. चूक मोठी, नजरेत भरणारी असेल तरच वरचे पैसे, आणि तेही नाणं एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांच्या डबीत ‘मिंट एरर’ असं लिहून बंद असेल तर. परदेशी लिलावात बोली लावण्याआधी कस्टम ड्युटी आणि जीएसटी धरून हिशोब करा. स्वस्त वाटणारं नाणं घरी येईपर्यंत महागलेलं असतं. उलट दिशेला, शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर विकता येत नाही. मुंबईचा १९१८ चा पौंड आता त्यात बसतो.

घरात आजीचे पौंड असतील तर धुऊ-पुसू नका, चिंचही लावू नका. दोन्ही बाजूंचे आणि कडेचा असे फोटो तिरक्या उजेडात काढून इथे टाका, वजन लिहा, बघून सांगतो.