पुस्तकाचे अक्षांश आणि पुस्तकाचे वर्ष

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

दहावीच्या बक्षिसाच्या रकमेतून ताऱ्यांची आणि अंतराळाची पुस्तके घ्यायची आहेत, कोणती घ्यावीत ते कळवा, असे तुझे पत्र आले. नावे मी पुढे सांगणारच आहे; पण त्याआधी एक सवय लावून घे, असे सुचवतो. या विषयावरचे कोणतेही पुस्तक हातात आले, की पहिले प्रकरण उघडण्याआधी दोन गोष्टी शोधून काढ: ते कोणत्या मुलखात बसून लिहिले गेले आणि कोणत्या वर्षी. कादंबरी वाचताना हे पाहिले नाही तरी फारसे बिघडत नाही. आकाशाच्या पुस्तकाच्या बाबतीत मात्र या दोन गोष्टी ठाऊक नसतील, तर चांगले पुस्तकही वाचकाला चकवते.

आधी मुलखाचे पाहू. मुलांसाठीची देखणी, रंगीत तारापुस्तके बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतून येतात, आणि त्यांतील आकाश तिथल्या अंगणातून दिसणारे असते. लंडन साडेएक्कावन्न उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरावर. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो तितका आपला अक्षांश, हा नियम तू भूगोलात शिकली असशील. त्यामुळे लंडनमध्ये अर्ध्याहून अधिक आकाश चढून गेलेला ध्रुव आपल्याकडे उत्तरेच्या डोंगरांच्या जरा वर, धुरकट हवेत शोधावा लागतो. तिकडचे पुस्तक सांगते की सप्तर्षी कधीच मावळत नाहीत, आणि तिथे ते खरेच आहे. आपल्याकडे सप्तर्षी उगवतात आणि मावळतातही. शरदातल्या संध्याकाळी ते दिसत नाहीत म्हणून नवशिक्या वाचकाला वाटते, आपलेच काहीतरी चुकते आहे. मृग नक्षत्र लंडनमध्ये दक्षिणेला आकाशाच्या मध्याच्याही खाली राहते, आपल्याकडे ते जवळजवळ डोक्यावरून जाते. आणि अगस्त्य, म्हणजे व्याधाच्या खालोखाल आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, लंडनच्या क्षितिजावर कधी येतच नाही. पुण्याहून तो दक्षिणेला एकोणीसेक अंश वर चढतो आणि हिवाळ्यात सहज ओळखता येतो, पण तिकडच्या आरंभिक पुस्तकांत त्याचा नुसता उल्लेख असतो किंवा तोही नसतो.

यासाठी तारानकाशा विकत घेताना तो अठरा ते वीस उत्तर अक्षांशांसाठी केलेला आहे ना, एवढे पाहून घे. नकाशा बॅटरीच्या उजेडात वाचायचा असतो, आणि त्या बॅटरीवर लाल जिलेटीन कागद लाव, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपणार नाहीत. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांमुळे निरीक्षण जवळपास बंदच असते. ते चार महिने वाचनाचे आणि ऑक्टोबरपासून पुढचे पडताळणीचे, अशी वर्षाची वाटणी कर. युरोपीय लेखक उन्हाळ्यातल्या ताऱ्यांवर लांबलचक प्रकरणे लिहितात. त्यांतील ज्येष्ठा आणि वृश्चिकाचा आकडा पावसाआधी, मे महिन्याच्या रात्रीच पाहून घ्यावा लागतो.

पडताळणी कशी करायची, याचा उत्तम धडा एका चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात आहे. गॅलिलिओने आपल्या दुर्बिणीतून काय दिसले ते सांगणारी छोटीशी पुस्तिका मार्च १६१० मध्ये व्हेनिसमध्ये छापली. तिचे इंग्रजी भाषांतर सहज मिळते आणि अकरावीच्या मुलीला कळेल इतके ते सोपे आहे. चंद्राच्या अंधाऱ्या भागात उजळून दिसणाऱ्या डोंगरमाथ्यांवरून त्यांची उंची कशी काढली, हा भाग वाचच. पण त्याहून माझा आवडता भाग शेवटचा आहे. ७ जानेवारी १६१० च्या रात्री गुरूच्या शेजारी त्याला तीन बारीक तारे दिसले आणि तिथून पुढे २ मार्चपर्यंत, जेव्हा जेव्हा आकाश निरभ्र मिळाले तेव्हा तेव्हा, त्याने गुरू आणि त्याभोवतीचे ठिपके कसे मांडलेले होते ते छापले. वाचताना कंटाळा येतो, हे मी कबूल करतो. पण साधी दहा-पन्नास (दहापट मोठे दाखवणारी, पन्नास मिलिमीटर भिंगांची) बायनॉक्युलर कठड्यावर टेकवून आठवडाभर गुरूकडे बघ आणि तेच ठिपके वहीत मांड. मग ती कंटाळवाणी पाने पुन्हा उघड. ते ठिपके तारे नसून गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, हा निष्कर्ष त्याला काढावाच का लागला, हे तुला कोणी समजावून सांगायची गरज उरणार नाही.

आता वर्षाचे. शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तके जुनी आहेत अशी तुझी तक्रार आहे. ती टाकून देण्याजोगी मुळीच नाहीत, फक्त कोणते पान शिळे झाले हे ओळखता आले पाहिजे. २००६ च्या आधीच्या पुस्तकात प्लूटो नववा ग्रह असणारच, तो दोष सगळ्यांना ठाऊक असतो आणि खरे तर किरकोळ आहे. त्याहून महत्त्वाचे बदल लक्षात येत नाहीत. १९९५ पूर्वीचे पुस्तक म्हणेल, आपल्या सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा पुरावा नाही. त्या वर्षी असा पहिला ग्रह सापडला आणि आज ज्ञात परग्रहांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली आहे. १९९८ पूर्वीचे पुस्तक विश्वाचे प्रसरण हळूहळू मंदावत असले पाहिजे असे धरून चालते. त्या वर्षी दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून ते उलट वेगावत असल्याचे दिसले. चंद्र पूर्णपणे कोरडा आहे हे वाक्य तर कितीतरी चांगल्या पुस्तकांत आहे. २००८ मध्ये गेलेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणाने चंद्रपृष्ठावरील पाण्याच्या रेणूंच्या खुणा टिपल्या आणि २००९ मध्ये ते जाहीर झाल्यावर त्या वाक्याचे दिवस संपले. अशा जागी पेन्सिलीने समासात नवे वर्ष आणि नवी माहिती लिहीत जा. (ग्रंथालयाच्या प्रतीवर नव्हे, स्वतःच्या.) ग्रहणे का होतात, ऋतू का बदलतात, केप्लरचे नियम काय सांगतात, ही प्रकरणे मात्र पन्नास वर्षांपूर्वीच्या पुस्तकातूनही निर्धास्तपणे वाच.

मराठीतून सुरुवात करायची तर डॉ. जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ घे. भाषा नेटकी आहे आणि अवघड कल्पना टाळून पुढे जाण्याची चलाखी त्यात नाही. एक गोष्ट मनाशी ठेव. १९९३ मध्ये फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह नारळीकरांनी स्थिरस्थिती सिद्धांताचे (विश्वाला आरंभ नाही, या मताचे) नवे रूप मांडले होते आणि महास्फोटाच्या कल्पनेवर ते अखेरपर्यंत शंका घेत राहिले. बहुसंख्य विश्वरचनाशास्त्रज्ञांना मात्र महास्फोटाचाच पक्ष पटतो. त्यामुळे विश्वाच्या उत्पत्तीवरचे त्यांचे लेखन वाचताना हा लेखक एका वादातला प्रत्यक्ष सहभागी आहे, नुसता वार्ताहर नाही, हे ओळखून वाच. मला विचारशील तर हा त्या लेखनाचा गुणच आहे, कारण शंका कशी घ्यावी, ती कशाच्या आधारे घ्यावी आणि निरीक्षणाचा मान कसा राखावा, हे तटस्थ पाठ्यपुस्तकात शिकायला मिळत नाही.

मराठीतली ही परंपरा नारळीकरांपासून सुरू झाली असे मात्र समजू नकोस. मूळचे कोकणातल्या मुरूडचे आणि पेशाने शिक्षक असलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले आणि १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा त्यांचा मोठा इतिहासग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे दोनच वर्षांनी, पंचेचाळिशीच्या आत, ते वारले. मोठा ग्रंथ सलग वाचायला आता घेऊ नकोस. तो संदर्भासाठी जवळ असावा असा आहे, आणि नावामुळे फसून काही दुकानदार तो भविष्याच्या पुस्तकांत ठेवतात, तेव्हा तिकडेही शोध.

कल्पित कथा वाचू की नको, हा तुझा प्रश्न मला थोडा विचित्र वाटला. अवश्य वाच. रॉकेटशास्त्राचे दोन आद्य पुरुष, रशियातले त्सिओल्कोव्स्की आणि जर्मन परंपरेतले ओबर्थ, यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांमुळे आपण या वाटेला लागलो असे सांगितले आहे, आणि व्हर्नच्या अनेक कादंबऱ्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणून ठेवल्या आहेत. फक्त हातात पेन्सिल ठेवून वाच. १८६५ च्या चांद्रकादंबरीत व्हर्न फ्लोरिडातून तीन माणसांना तोफेने चंद्राकडे उडवतो. राज्य आणि माणसांची संख्या १९६९ च्या खऱ्या चांद्रमोहिमेशी जुळली, गोळ्याचा वेगही सेकंदाला सुमारे अकरा किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर आहे. चुकते ते तोफेत. तिची नळी नऊशे फूट, म्हणजे सुमारे पावणेतीनशे मीटर. एवढ्या अंतरात शून्यापासून अकरा किलोमीटरचा वेग गाठायचा तर त्वरण किती लागेल, हे तू नववीत शिकलेल्या गतीच्या समीकरणाने काढू शकतेस: ते पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या वीस हजार पटींहून अधिक येते. आतले प्रवासी पाण्याच्या थराने वाचतील अशी व्हर्नने सोय केली आहे, पण ते बिचारे तोफेच्या तोंडाशी पोचण्याआधीच चिरडले गेले असते. तोफेऐवजी हळूहळू वेग वाढवणारे रॉकेटच का हवे, याचे उत्तर तुला या एका गणितात मिळेल. विज्ञानकथेला कमी लेखणाऱ्या कोणाशी वाद झाला तर त्याला हेही सांग की १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, तेव्हा ती पाठवणारे ‘नारायण विनायक जगताप’ हे जयंत विष्णू नारळीकरच होते. परीक्षकांनी नावाकडे पाहून निर्णय देऊ नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून टोपणनाव घेतले होते.

मोहिमांवरची पुस्तके निवडताना माझी कसोटी एकच आहे: अपयश किती पाने घेते. यशाचीच चित्रे असलेली गुळगुळीत पुस्तके भेट म्हणून चांगली असतात, शिकायला नाहीत. डॉ. अब्दुल कलामांचे ‘अग्निपंख’ प्रेरणादायी म्हणून सगळे तुझ्या हातात देतील. तू त्यातला एसएलव्ही-३ चा, म्हणजे उपग्रह सोडणाऱ्या पहिल्या भारतीय रॉकेटचा, भाग अभियंत्याच्या नजरेने वाच. १० ऑगस्ट १९७९ ला पहिले उड्डाण झाले, दुसऱ्या टप्प्याचे नियंत्रण गेले आणि यान बंगालच्या उपसागरात कोसळले. नियंत्रण यंत्रणेतली एक झडप नीट न मिटल्याने त्या यंत्रणेला लागणारे नायट्रिक आम्ल आधीच गळून गेले होते. १८ जुलै १९८० ला त्याच जातीच्या यानाने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. या दोन तारखांच्या मधले अकरा महिने कसे गेले असतील, ते त्या पानांतून शोध.

इंग्रजी सरावाचे झाले की मायकेल कॉलिन्सचे १९७४ चे आत्मकथन वाच. अपोलो-११ चे दोघे चंद्रावर उतरले तेव्हा हा वर एकटा घिरट्या घालत होता, आणि प्रत्येक फेरीत चंद्रामागे गेल्यावर पाऊणएक तास त्याचा पृथ्वीशी संपर्क तुटत असे. अंतराळवीरांच्या नावावरची कितीतरी पुस्तके दुसऱ्यांनी लिहिलेली असतात. हे त्याने स्वतः लिहिले आहे. सराव, कंटाळा, भीती, जेमिनी-१० या आधीच्या मोहिमेच्या वेळी अंतराळात हातून निसटलेला कॅमेरा, सगळे तो मिस्कीलपणे सांगतो.

पैशांची सोय अशी कर. नारळीकरांचे पुस्तक आणि तारानकाशा विकत घे. उरलेल्या रकमेत बायनॉक्युलर बसत असेल तर दुर्बिणीच्या मोहात पडू नकोस, स्वस्त दुर्बीण हलत्या तिकाटण्यावर फक्त चिडचिड देते. ‘अग्निपंख’ कुठल्याही ग्रंथालयात मिळेल. कॉलिन्स माझ्याकडे आहे, दिवाळीच्या सुट्टीत येऊन घेऊन जा. पुण्याला येशीलच, तर ज्योतिर्विद्या परिसंस्थेत चौकशी कर. १९४४ पासून हौशी निरीक्षकांची ही संस्था चालू आहे, आणि पुस्तकात अडलेली जागा आकाशात बोट दाखवून सांगणारी माणसे तिथे भेटतात.

कळावे,
तुझा हितचिंतक