ग्राहक, ग्राही आणि ‘विरोधी’ औषधं

प्रश्न असा आहे : ठाण्यात मनोरुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठी माहितीपत्रक करायचं आहे. त्यात रिसेप्टरला ‘ग्राहक’ म्हणावं की ‘ग्राही’? आणि रिसेप्टरला कामाला लावणाऱ्या औषधाला, म्हणजे अ‍ॅगोनिस्टला, ‘उत्तेजक’ आणि त्याला अडवणाऱ्याला, म्हणजे अँटॅगोनिस्टला, ‘विरोधी’ चालेल का?

‘ग्राही’ घ्या. ‘ग्राहक’ व्याकरणात बसतो, पण ‘हे औषध डोपामिनच्या ग्राहकांना अडवतं’ असं छापलंत तर नौपाड्यातल्या व्यापाऱ्यांना काळजी वाटेल. ग्राही म्हणजे पेशीवरचं एक प्रथिन. त्याला डोपामिनसारखं संदेशवाहक रसायन चिकटलं की पेशीत पुढचं काम सुरू होतं. १९०५ साली ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँग्ली यांनी ही कल्पना मांडली, ती स्नायूंवरच्या प्रयोगांतून : निकोटिनने स्नायू आखडायचा आणि क्युरारे हे वनस्पतिजन्य विष दिलं की निकोटिनचं काही चालायचं नाही.

‘उत्तेजक’ मात्र अजिबात नको. मॉर्फीन हे ओपिऑइड (अफूच्या जातीची द्रव्यं जिथे चिकटतात त्या) ग्राहींचं अ‍ॅगोनिस्ट आहे. ते वेदना दाबतं, गुंगी आणतं, जास्त झालं तर श्वास मंदावतो. त्याला उत्तेजक म्हणणार? कामाला लागतो तो ग्राही, माणूस नव्हे. म्हणून मी ‘प्रवर्तक’ सुचवेन.

‘विरोधी’वर माझा खरा आक्षेप आहे. त्यातून औषध उलटं काहीतरी घडवतं असं वाटतं. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तेवढंच हे औषध करतं : जागा अडते, पण बसलेलं कुणी नसतं. नॅलोक्सोन हे मॉर्फीनवरचं उतारा-औषध पाहा. मॉर्फीन जास्त झालेल्या रुग्णाचा श्वास त्याने परत येतो, पण अंगात मॉर्फीनसारखं काही नसेल तर त्याचा परिणाम जवळजवळ जाणवतच नाही. तेव्हा ‘रोधक’.

माहितीपत्रकात या शब्दाचा उपयोगही होईल. हॅलोपेरिडॉल डोपामिनच्या डी-२ प्रकारच्या ग्राहींचं रोधक आहे. भास, नसलेले आवाज ऐकू येणं त्याने कमी होतं. पण हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागातही तेच ग्राही आहेत. तिथेही जागा अडली की हात थरथरतात, अंग ताठरतं. घरचे म्हणतात, ‘गोळ्यांनी आजार वाढला’, आणि परस्पर गोळ्या बंद करतात. ‘नको तिथलेही ग्राही अडले आहेत, डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा औषध बदलतील’ हे ‘रोधक’ शब्दाने सरळ सांगता येतं. ‘ठाण्याला पाठवा याला’ हा विनोद ज्या मुलखात अजून चालतो, तिथे तर नातेवाइकांच्या हाती नीट शब्द द्यायलाच हवेत.

अशाच आजारांवरचं अ‍ॅरिपिप्राझोल हे औषध प्रवर्तक आणि रोधक या दोन्ही खणांत बसत नाही. ते ग्राहीला अर्धवटच कामाला लावतं, म्हणून ‘अंशप्रवर्तक’. डोपामिनचा जोर असेल तिथे त्यामुळे काम उतरतं, कमी असेल तिथे थोडं चढतं.

नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनला मात्र यांपैकी कुठलाच शब्द लावू नका. त्याचं मुख्य काम ग्राहीवर नसतंच. पेशीबाहेर पडलेलं सेरोटोनिन (हेही एक संदेशवाहक रसायन) परत आत ओढून घेणारं वाहक प्रथिन ते अडवतं. तिथे ‘पुनर्ग्रहणरोधक’ असा जडशीळ शब्द छापण्यापेक्षा ‘सेरोटोनिन परत शोषलं जाऊ न देणारं औषध’ असं लिहा.