जांभ्याच्या भिंतीचे पोपडे : रंगाचा डबा उघडण्याआधी ओल बघा

बाहेरच्या भिंतीचा रंग सुटतोय, काय करू, असं तुम्ही विचारलंत. तुमचं वर्णन वाचलं आणि आमच्या राजापूरच्या घराची पश्चिमेची भिंतच समोर आली. जुना जांभा दगड, चुन्याचा गिलावा, दोन वर्षांपूर्वी दिलेला जाड ‘वॉटरप्रूफ’ रंग, जोत्यापासून कमरेपर्यंत पोपडे आणि त्यांच्यामागे पांढरी भुकटी. तुमचा पेंटर म्हणतोय, पुट्टी मारून पुन्हा तोच रंग देऊ. देऊ नका.

आमच्याकडे एका रंग कंपनीचा माणूस ‘फुकट तपासणी’ला आला होता. भिंतीचे फोटो काढले, मापं घेतली आणि वॉरंटीसकट कोटेशन पाठवलं. ओल मोजायचं यंत्र बॅगेत होतं, ते बॅगेतच राहिलं. पहिला पावसाळा सरला तसे फुगे आले. तक्रार केली तर दुकानदार म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे ठेकेदाराला विचारा, ठेकेदार फोन उचलेना. शेवटी कंपनीचा दुसरा साहेब आला. त्याने मात्र आल्या आल्या यंत्र भिंतीला लावलं, आकडा दाखवला आणि लिहून दिलं : भिंतीत ओल आहे, वॉरंटीत बसत नाही. अहो, ओल आहे म्हणूनच तर बोलावलं होतं! तेव्हा कोणत्याही कंपनीकडून काम करून घेणार असाल तर सुरुवातीलाच ओलीचा आकडा कागदावर मागा. देत नसतील तर त्या वॉरंटीच्या कार्डाची किंमत शून्य.

मी इंजिनिअर नाही, पण मला कळलं ते असं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि पावसाळा गेला की हळूहळू सोडतो. चुन्याचा गिलावा त्या ओलीला वाट देतो. त्यावर ‘वॉटरप्रूफ’ रंगाचा जाड रबरी थर बसला की ओल मागे अडते, तिच्याबरोबर आलेले क्षार तिथेच जमतात आणि रंगाला आतून ढकलतात. म्हणजे दोष रंगाच्या चिकटपणाचा नाही. कितीही महागडा आणा, तो असाच सुटणार.

खात्री करायची तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर डकवा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर रंगकाम पुढे ढकला.

आणि आता कुणाला आवडणार नाही असं बोलतो. गणपतीआधी बाहेरची भिंत रंगवायची आपली कोकणातली सवयच मुळात वाईट. भर पावसात, उघडीप मिळाली की दोन हात मारायचे, चाकरमानी यायच्या आत घर चकाचक! पडवी रंगवा, माजघर रंगवा. बाहेरचं काम जानेवारीनंतर, भिंत नीट सुकल्यावर. दिवाळीतही ती आतून ओलीच असते.

त्याआधी पाणी कुठून येतंय ते बघा. आमच्याकडे निम्मा गुन्हा पागोळ्यांचा होता. पन्हळ नव्हती, पाणी अंगणात आपटून जोत्यावर उडत होतं. पन्हळ बसवली, जोत्यालगतची चढलेली माती उतरवली. झडीच्या बाजूला पूर्वी झापं (माडाच्या विणलेल्या झावळ्या) बांधायचे ते उगाच नाही, हल्ली हिरवी जाळी बांधली तरी चालते.

घासकाम तुम्हाला माहीत असेलच. फक्त ती पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुतलीत तर क्षार पुन्हा आत जातात. ठोकून बघा, जिथे बद्द आवाज येईल तिथला गिलावा काढा आणि चुन्यानेच भरा, सिमेंटने नको. जुना रंग पूर्ण निघाला तर माझं मत चुन्याच्या सफेदीला. दर वर्षा-दोन वर्षांनी द्यावी लागते, कबूल, पण पोपडे नाहीत. रंग अर्धवट राहिला असेल तर त्यावर सफेदी धरणार नाही, हे लक्षात ठेवा. तुमचा गिलावा मधे कधी सिमेंटचा झाला असेल तर हे सगळं जसंच्या तसं लागू होईल असं नाही. आधी कुणा जुन्या गवंड्याला दाखवा.

गज आणि खिडक्यांचा जुना ऑइलपेंट खरवडणार असाल तर ओला करून घासा, तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगांत विषारी शिशाची ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ही मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या डब्यांत काय होतं कोण जाणे.

आणि पेंटरशी घासकामाची मजुरी वेगळी ठरवा. चौरस फुटाच्या एकाच दरात सगळं धरलंत तर खरवडायची पत्री भिंतीला नुसती टेकवून तो डबा उघडणार.