ख्रुश्चेव्हने १९६२ मध्ये क्युबातून क्षेपणास्त्रं काढली म्हणजे तो हरला का? नेत्याने माघार कधी घ्यावी?

हरला नाही. हरल्यासारखं दिसायला तयार झाला, एवढंच. तुम्ही प्रश्नाखाली "माघार म्हणजे शेवटी दुबळेपणाच ना?" असं जोडलंय, ते वाचून राहवलं नाही. ही शिवी मी १९९६ पासून खातोय.

सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने क्युबात अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं बसवली आणि त्यावरून अमेरिकेशी ताणलं, ती तेरा दिवसांची गोष्ट तुम्हाला माहीत असणार. क्युबाला अमेरिकन नौदलाचा वेढा, अध्यक्ष केनेडीचं टीव्हीवरचं भाषण, डोळ्याला डोळा भिडला आणि समोरच्याची पापणी लवली वगैरे. २८ ऑक्टोबरला मॉस्को रेडिओवर माघार जाहीर झाली, केनेडी हिरो. खरी गोष्ट आदल्या संध्याकाळची आहे. त्या शनिवारी क्युबावर अमेरिकेचं यू-२ हेरगिरी विमान पाडलं गेलं होतं, वैमानिक मेजर अँडरसन ठार. अमेरिकन सेनापती हल्ला करू द्या म्हणून मागे लागलेले. अध्यक्षाच्या भावाने, रॉबर्ट केनेडीने, सोव्हिएत राजदूत दोब्रिनिनला बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं चार-पाच महिन्यांत निघतील, पण हे बाहेर बोलायचं नाही. ख्रुश्चेव्हने मग ते पत्रात घालून पाठवलं, म्हणजे कागदावर काहीतरी राहील. रॉबर्टने पत्र परत केलं. असला कागद पुढे कधी बाहेर आला तर माझं नुकसान होईल, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. आणि मॉस्कोने ते ऐकून घेतलं!

हे वाचलं तेव्हा मी ग्रंथालयातून उठून बाहेर जाऊन बसलो होतो. जवळजवळ हेच वाक्य मी स्वतः ऐकलंय, त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात, चहाचा कप समोर असताना.

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कारखान्यात मी प्रेस शॉपला होतो आणि युनियनचा जनरल सेक्रेटरी. १९९६ चा पगारवाढीचा करार रखडला, आम्ही टूल डाउन, म्हणजे काम बंद, केलं, मॅनेजमेंटने चौघांना सस्पेंड केलं. चार्जशीट सुपरवायझरला धक्काबुक्की केल्याचं. (झाली होती धक्काबुक्की. आता लिहायला हरकत नाही.) त्यांनी उलट गेटच बंद केलं. गेट मीटिंगला आमची घोषणा एकच, आधी चौघे आत, मग सही. तेवीस दिवस झाले, दिवाळी तोंडावर. माणसं मीटिंगला यायची, पण माझ्याकडे बघायची नाहीत. किराणावाल्याने उधारी थांबवली की माणूस कसा बघतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल.

पर्सनल मॅनेजरने एकट्याला बोलावलं. म्हणाले, "चौघांचं नाव न घेता सही करा. चार महिन्यांत इन्क्वायरी गुंडाळतो, माणसं आत घेतो. पण कुठे बोललात तर शब्द संपला. दबावाखाली घेतली असं हेड ऑफिसला वाटलं तर माझीच नोकरी जाईल." मी म्हटलं, लिहून द्या. ते हसले. "लिहून द्यायचं असतं तर चहाला कशाला बोलावलं असतं?"

मी सही केली. पगारवाढ मागितली होती त्याच्या जवळपास मिळाली, पण ते कोणी ऐकूनच घेतलं नाही. गेटवर एक चप्पल आली. आणि आमचे साडू, तेही त्याच कारखान्यात, टूलरूमला, सगळ्यांदेखत म्हणाले, "शेपूट घातलंत तुम्ही." चौघांतला एक साडूंचा धाकटा भाऊ होता. पुढच्या निवडणुकीत मी पडलो. फेब्रुवारीत चौघे आत आले, तेव्हा नव्या कमिटीने गेटवर गुलाल उधळला. मी पंचिंगच्या रांगेत उभा राहून बघत होतो. बोललो नाही, शब्द दिला होता.

म्हणून सांगतो, ख्रुश्चेव्हला दुबळा म्हणणारे हिशेब अर्धाच बघतात. क्युबावर चढाई करणार नाही हे अमेरिकेने उघड कबूल केलं. तुर्कस्तानातली पंधरा ज्युपिटर एप्रिल १९६३ पर्यंत गेली. आदल्याच वर्षी क्युबाचा नेता कॅस्ट्रो याला उलथायला अमेरिकेने क्युबाच्या किनाऱ्यावर बे ऑफ पिग्जला माणसं उतरवली होती, त्या मानाने हे कमी नाही. पण यातला तुर्कस्तानचा भाग अमेरिकेत आठ-नऊ माणसांनाच ठाऊक. उपाध्यक्ष जॉन्सनलाही सांगितलं नव्हतं! (ठाम उभं राहिलं की समोरचा वाकतो, हा खोटा धडा घेऊन तो व्हिएतनाममध्ये शिरला असं माझं मत आहे.) आणि संयुक्त राष्ट्रांतला अमेरिकेचा राजदूत अॅडलाय स्टीव्हन्सन, ज्याने केनेडीच्या बैठकीत तुर्कस्तानची क्षेपणास्त्रं देऊन टाका असं सुचवलं होतं, त्याला डिसेंबरमध्ये एका बड्या साप्ताहिकातून म्युनिकवाला, म्हणजे शरण जाणारा, ठरवलं गेलं. जे त्याने उघड सुचवलं तेच अध्यक्षाने गुपचूप केलं होतं. ख्रुश्चेव्हला दोन वर्षांनी पक्षाने घरी बसवलं, त्याच्या कारणांत क्युबाही होतं.

मग चुकलं कुठे? साडू म्हणतात लेखी घ्यायला हवं होतं. घ्यायला हवं होतं म्हणणं सोपं आहे. हट्ट धरला असता तर ना ज्युपिटर निघाली असती ना चौघे आत आले असते. त्यांचं ते म्हणणं चूक आहे, मी मरेपर्यंत तेच सांगणार.

चुकलं ते दुसरीकडे. क्षेपणास्त्रं कॅस्ट्रोच्या जमिनीवर होती आणि ती निघणार हे ख्रुश्चेव्हने त्याला आधी सांगितलंही नाही. जगाबरोबर त्यालाही बातमीतूनच कळलं. तो भडकला, ते मग निस्तरायला आपला उपपंतप्रधान मिकोयान याला हवानाला पाठवावं लागलं. तो तिकडे असतानाच मॉस्कोत त्याची बायको वारली, तो अंत्यविधीलाही परतू शकला नाही. मीही चौघांना सांगितलं नव्हतं. सगळ्यांना नाही, पण निदान त्या चौघांना तरी सहीच्या आधी घरी जाऊन सांगायला हवं होतं की थोडं थांबा. त्यांना नोटीस बोर्डावरचा करार वाचून कळलं की आपली नावं त्यात नाहीत. नंतर साडूंच्या भावाकडे गेलो तर घरात पाणीसुद्धा विचारलं नाही. चार महिने तो माणूस निर्वाह भत्त्यावर, नोकरी गेली असं समजून जगला. साडूंनी यावरून शिव्या घातल्या असत्या तर मान खाली घालून ऐकल्या असत्या. पण ते अजूनही शेपटावरच अडकलेत.

माघार कधी घ्यावी याचं सूत्र माझ्याकडे नाही. ख्रुश्चेव्हने २६ ऑक्टोबरच्या पत्रात केनेडीला लिहिलं होतं की युद्धाची गाठ बसलेली दोरी दोन्हीकडून ओढत राहिलो तर गाठ इतकी आवळेल की सोडवता येणार नाही, कापावीच लागेल. यापेक्षा जास्त शहाणपण मला सुचत नाही.

आता थोडं उलट बाजूचंही. ख्रुश्चेव्ह संत नव्हता, चोरून क्षेपणास्त्रं आणून ठेवली त्यानेच आणि वर नाही म्हणत राहिला. ज्युपिटर तशी कालबाह्य झाली होती, त्यामुळे अमेरिकेचं फार काही गेलं नाही. अणुबॉम्ब आणि सातपूरचा कारखाना यांची तुलना ओढूनताणून वाटेल, वाटू दे. स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर "दोन्ही बाजूंची तडजोड" लिहा, मार्क मिळतील.

साडू हे उत्तर वाचणार, मुलगा त्यांना फोनवर काढून देईल. चहाच्या त्या बोलण्याचा कागद माझ्याकडे नाही. पण तुमच्या भावाचं हजेरीकार्ड कुठे जपून ठेवलं असेल तर बघा, १७ फेब्रुवारी १९९७, पहिली पाळी. आणि करारावरची माझी सही कोणत्या तारखेची आहे तेही बघा.