हॅमस्ट्रिंगची तीच दुखापत विश्रांतीनंतरही पुन्हा का होते?

आपण लिहिले आहे की शंभर मीटर धावताना मांडीचा मागचा स्नायू वर्षभरात तीनदा दुखावला, दर वेळी तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, दुखणे थांबल्यावरच सराव सुरू केला आणि तरीही पूर्ण वेगाला पोहोचताच तो पुन्हा धरला. धावपटूंच्या पुनर्वसनाचे काम करताना ही तक्रार मी वारंवार ऐकतो. विश्रांती आपण पुरेशी घेतली. तिच्या जोडीने करायचे काम मात्र राहून गेले, असे मला वाटते.

वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि पाऊल टेकण्याच्या अगदी आधी हॅमस्ट्रिंगला पुढे झेपावणारी पोटरी आवरून धरावी लागते. त्या क्षणी हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत सर्वाधिक जोर लावत असतो आणि बहुतेक वेळा त्याचा बाहेरच्या बाजूचा लांब भाग तिथेच फाटतो. हा भार धावण्याच्या वेगापेक्षा कितीतरी झपाट्याने वाढतो, त्यामुळे हलके धावताना काहीही न दुखणे हा पूर्ण वेगासाठी तयार असल्याचा पुरावा ठरत नाही. तीन आठवडे निष्क्रिय राहिलेला स्नायू दुखायचा थांबतो, परंतु ताणलेल्या अवस्थेतील त्याची ताकद घटलेलीच असते. पूर्वीची दुखापत हेच नव्या दुखापतीचे सर्वांत ठळक पूर्वचिन्ह मानले जाते, ते उगाच नव्हे.

पहिले एक-दोन दिवस जपावे, हे खरे. त्यानंतर मात्र सोसवेल इतका भार द्यायला सुरुवात करावी. मांडी आणि पोटरीच्या दुखापती झालेल्या हौशी खेळाडूंवर डेन्मार्कमध्ये केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दोन दिवसांनी व्यायाम सुरू करणारे खेळाडू नऊ दिवसांनी सुरू करणाऱ्यांपेक्षा सुमारे तीन आठवडे आधी खेळात परतले.

सुरुवातीला उताणे झोपून टाचांवर कंबर उचलणे पुरेसे असते. पुढे वजन घेऊन कमरेतून वाकणे आणि मग नॉर्डिक व्यायाम. यात गुडघ्यांवर उभे राहून, घोटे कोणाकडून तरी घट्ट धरवून, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवत शक्य तितके सावकाश पुढे झुकायचे आणि शेवटी हातांवर यायचे असते. ८,४५९ खेळाडूंच्या माहितीचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये घेतला गेला, तेव्हा प्रतिबंधक कार्यक्रमात हा व्यायाम असलेल्यांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या आढळल्या. पहिल्या आठवड्यात स्नायू खूप ठणकतात, म्हणून मोजक्याच आवृत्त्या कराव्यात. अनेक जण याच टप्प्यावर तो सोडून देतात आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

यासोबत धावण्याचा वेगही पायरीपायरीने वाढवावा आणि स्पर्धेआधी सरावात, वेगवेगळ्या दिवशी, पूर्ण वेग न घाबरता गाठता आला पाहिजे. केवळ व्यायामशाळेतील ताकद इथे पुरत नाही.

तिसरी वेळ असल्यामुळे क्रीडावैद्यक तज्ज्ञांकडून एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावीच. दुखापतीच्या वेळी काहीतरी तुटल्यासारखा आवाज आला असेल, मांडीवर मोठा काळानिळा डाग उमटला असेल किंवा बसताना नितंबाच्या हाडाजवळ तीव्र वेदना होत असतील, तर स्नायूबंध हाडापासून सुटल्याची शक्यता असते. अशा वेळी एमआरआय होईपर्यंत वरीलपैकी कोणताही व्यायाम सुरू करू नये.